अहंकार सोडायचाय? आधी मान सोडून बघा

कीर्तनात बुवा सांगतात, ‘मीपणा टाका.’ माना डोलतात, टाळ्या होतात आणि सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून टाकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. हे लिहितेय ते त्या दुसऱ्या दिवसासाठी. मी वेदान्त शिकलेली नाही. बँकेत कॅशियर होते, आता निवृत्त आहे. गावातल्या भजनी मंडळात टाळ धरते आणि हरिनाम सप्ताह लागला की स्वयंपाकाकडे असते. अहंकार कसा असतो हे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण तिथे सगळे देवासाठी जमलेले असतात आणि तरीही रुसवेफुगवे लग्नघराला लाजवतील असे असतात.

पहिली सूचना हीच की अहंकारावर थेट हात घालू नका. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं ओळीनं दिली आहेत. त्यात अनहंकार अकराव्या जागी येतो. पहिल्या जागी अमानित्व आहे, मानाची हाव नसणं. दुसऱ्या जागी अदंभित्व, केलेल्याचा देखावा न करणं. हा क्रम मुद्दाम लावलाय की नाही यावर जाणकार वाद घालोत. करून बघणाऱ्याला तो फार सोयीचा पडतो. अहंकार कुठे धरायचा हे कळत नाही, पण मान धरता येतो. तो कोणत्या दिवशी, कोणासमोर, कशासाठी हवा होता हे बोट ठेवून सांगता येतं. माउलींनीही या पहिल्याच लक्षणावर ओव्यांमागून ओव्या लिहिल्यात. बृहस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता अंगी असली तरी असा माणूस मोठेपणाला भिऊन वेडेपणात दडून बसतो, असं ते म्हणतात. घरात ज्ञानेश्वरी असेल तर तेराव्या अध्यायातला तेवढा भाग आधी वाचून घ्या.

आधी नुसती यादी

एक साधी वही करा. आठवडाभर काहीही सोडायचं नाही, सुधारायचं नाही. मान कुठे हवासा वाटला तेवढं रात्री लिहायचं. परमार्थातल्याच जागा लिहा, ऑफिस आणि नातेवाईक नंतर. आरतीचं तबक आधी कोणाच्या हातात गेलं. हरिपाठाला पुढच्या रांगेत कोण उभं राहिलं. चाल कोणी लावली. महाराजांनी नाव घेऊन कोणाला हाक मारली. प्रसादाच्या पंगतीत आपल्याला बसा म्हणायला कोणी आलं की नाही. अन्नदात्यांच्या फ्लेक्सवर आपला फोटो कितव्या ओळीत आहे आणि शेजारी कोणाचा आहे.

या नोंदी प्रामाणिक झाल्या की हसू येतं, आणि ते चांगलं लक्षण आहे. आरतीच्या तबकाचंच बघा. दोन माणसं तबक धरून उभी असतात. दोघंही म्हणतात, ‘नाही नाही, तुम्ही घ्या.’ तोंडानं ‘तुम्ही’ चालू असतं आणि अंगठा तबकाच्या काठावर घट्ट असतो, नख पांढरं होईपर्यंत. ज्यानं एकदा हे दुसऱ्याच्या हातावर पाहिलं, त्याला पुढच्या वेळी स्वतःचा अंगठा दिसल्याशिवाय राहत नाही. वहीत लिहायचं ते असं, अंगठ्याइतकं बारीक. ‘आज अहंकार वाटला’ असं मोघम लिहून काही हाती लागत नाही.

मग त्यातला सगळ्यात लहान मान सोडा

लोक नेमकं उलटं करतात. एकदम मोठं काही सोडायला जातात, अध्यक्षपद सोडतात, आणि मग वर्षभर गावाला सांगत फिरतात की मी अध्यक्षपद सोडलं. यादीतली सगळ्यात क्षुल्लक गोष्ट घ्या. अन्नदानाची वर्गणी देताना पावतीवर ‘एक भाविक’ लिहायला सांगा. पावती फाडणारा दोनदा विचारेल, कारण त्याला सवय नसते. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर अर्थातच नाव आणि पॅन द्यावंच लागेल, जरूर द्या, त्यात पाप नाही, फक्त ती रक्कम या अभ्यासात धरू नका. सत्काराची शाल आणि नारळ पुकारला जातो तेव्हा पातेली घासायला मागे निघून जा. पंगतीत शेवटच्या वाढीला बसा.

यात एकच नियम कडक पाळायचा: सोडलेला मान कोणाला सांगायचा नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, मंडळाच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. पहिले काही दिवस पोटात कळ आल्यासारखं सांगावंसं वाटतं. ‘मी नाव नको म्हटलं हो’ हे वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसतं. ते गिळायचं. खरं सांगायचं तर पावतीवर नाव न लिहिणं सोपं आहे. हे वाक्य गिळणं हीच साधना आहे, आणि ज्याला हे जमलं त्याला पुढचं बरंच जमेल.

जपाचं झाकून ठेवा

गोमुखी घरात असेल तर ती काढा. माळ पिशवीत झाकून जप करण्याची रीत आहे, ती जप दिसू नये म्हणून. माळेला तर्जनी लावत नाहीत, आणि १०८ मणी झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, न ओलांडता माळ फिरवून घेतात. तर्जनी का नको याचं कारण आमच्याकडची जुनी माणसं सांगतात की दुसऱ्याला दोष दाखवायला उगारतो ते हेच बोट. शास्त्र काहीही असो, मला कारण पटलं.

आता मात्र जप मोजायची ॲप आली आहेत आणि सकाळी ग्रुपवर आकडे पडतात. कोणाच्या ११ माळा, कोणाच्या २१, खाली हात जोडलेली चित्रं. नव्या माणसाला त्यानं हुरूप येतो हे मान्य. पण ज्याला अहंकाराचं काही करायचंय त्यानं आकडा टाकणं आजच बंद करावं. गुरूंनी संख्या दिली असेल तर ती मोजावी लागणार. मोजा, आणि गुरूंनी विचारलं तरच सांगा. ग्रुपवर कोणी विचारलं, ‘आज तुमचा आकडा नाही?’ तर ‘चालू आहे’ एवढं उत्तर पुरतं. ‘मी हल्ली आकडे टाकत नाही’ असं उत्तर देऊ नका, कारण तो आकड्यापेक्षा मोठा मान आहे.

कर्तेपणाचे पाच वाटे

मान थोडा सैल झाला की मग कर्तेपणाकडे वळायचं. इथे गीतेचाच अठरावा अध्याय कामाला येतो. कोणतंही काम पाच गोष्टींनी घडतं, असं तिथे सांगितलंय: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. म्हणजे हा देह, करणारा, हातातली साधनं आणि इंद्रियं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. जो यात एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याला दिसतच नाही, असंही पुढे म्हटलंय.

हे वाचून सोडून देऊ नका. कोणी कौतुक केलं की त्याच क्षणी मनात पाच वाटे घालायचे. काल्याच्या दिवशी आमटी जमली आणि कोणी म्हणालं, ‘मावशी, तुमच्या हाताला चव आहे,’ की मी मोजायला लागते. हा देह पहाटेपासून उभा राहिला, त्याचे पाय दुखले नाहीत, हा एक वाटा. मी मीठ-तिखटाचा अंदाज घेतला, तो दुसरा. मोठं पातेलं, चूल, उलथणं, माझी जीभ, हा तिसरा. कोणी खोबरं भाजलं, कोणी वाटण केलं, पोरांनी पाण्याचे हंडे वाहिले, लाकडं फोडली, हा चौथा. आणि पाऊस आला नाही, लाकडं कोरडी होती, तो पाचवा. एवढं मोजेपर्यंत तोंडून आपोआप ‘वाटण सुनबाईंनी छान केलं होतं’ असं निघतं. ते खरं असतं म्हणून निघतं, विनय दाखवायला नव्हे. फरक ऐकणाऱ्याला कळतो.

काम बिघडलं तरीही याच पाच गोष्टी मोजा. हे फार जण विसरतात. ‘माझ्यामुळेच सगळं बिघडलं’ म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसणं हाही तोच मी असतो, फक्त रडका. वाटे घातले की आपला दोष नेमका केवढा ते दिसतं, तेवढाच उचलायचा आणि दुरुस्त करायचा.

इथे एक शंका हमखास येते. मी कर्ता नाही म्हटलं तर जबाबदारी कोणाची? मला याचं उत्तर काउंटरवर मिळालं होतं. दिवसभर लाखो रुपये हातातून जायचे, एकेक नोट नीट मोजायची, आणि त्यातला एकही रुपया आपला नाही. संध्याकाळी रोकड जास्त निघाली तर ती बँकेची. कमी पडली तर मात्र आपल्या खिशातून भरायची. कर्तेपण सोडणं या हिशेबासारखं आहे: श्रेय वर जमा करायचं, तूट आपण भरायची. जो उलटं करतो, श्रेय खिशात आणि चूक ‘देवाची इच्छा’, त्यानं अहंकार सोडलेला नाही, फक्त त्याला गंध लावलंय.

ज्यांच्याकडे रोजची पूजा आहे त्यांच्या हातात तर हा अभ्यास तयारच आहे. संकल्पात आपण स्वतःचं नाव आणि गोत्र उच्चारतो: अमुक गोत्रात जन्मलेला अमुक नावाचा मी ही पूजा करीन. शेवटी पळीभर पाणी उजव्या तळहातावर घेऊन ‘अनेन कृतपूजनेन…’ म्हणत ताम्हनात सोडतो, देव प्रसन्न होवो, हे माझं नाही. होमात तर प्रत्येक आहुतीला असतं, ‘अग्नये स्वाहा, अग्नये इदं न मम.’ सुरुवातीला मी मोठ्यानं सांगायचा आणि शेवटी तो पाण्याबरोबर सोडायचा, अशी पूजेची बांधणी आहे. पण बहुतेक घरांत हे पाणी घाईत सुटतं, कारण तोवर गॅसवर चहा उतू जायला आलेला असतो. तिथे थोडं थांबा. तळहातावर पाणी असताना आज आपल्या हातून चांगलं झालेलं एक काम आठवा, नावानिशी, आणि मग हात तिरपा करा. पूजा नसेल तर रात्री झोपताना अंथरुणावर बसून ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ म्हणतानाही हेच करता येतं. एकच काम घ्या. दिवसभराचं गाठोडं एकदम अर्पण केलं की त्यात नेमकं काय होतं हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

डोक्यावर थापटणं मारणारा माणूस

आतापर्यंतचं सगळं एकट्यानं होण्यासारखं आहे. पुढचं होत नाही. नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. संत जमले होते, गोरोबाकाकांकडे मडकी थापटायचं थापटणं होतं. मुक्ताबाईनं विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचंही बघा, असं म्हटल्यावर त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले, आणि काकांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं. या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ठणका कोणाला लागला? ज्याच्या हातचा नैवेद्य देव जेवतो, त्याला. परमार्थातली कमाई जितकी जास्त तितकी ही जागा दुखरी. मग नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू केलं. पुढे १३५० साली त्यांनी पंढरपूरला देह ठेवला तो देवळाच्या पायरीशी, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून, असं परंपरा सांगते. आजही महाद्वारात शिरताना लोक आधी त्या पायरीला हात लावतात.

तर असा एक माणूस ठेवा. तो गुरूच असला पाहिजे असं नाही. आपल्याहून लहान असला तर उत्तम. मुक्ताबाई त्या सगळ्यांत लहानच होती. त्याला स्पष्ट परवानगी द्या: माझं काही चढलं तर चारचौघांत नको, पण त्याच दिवशी सांग. आमच्या मंडळात एक कॉलेजातली मुलगी आहे, पखवाज शिकते. ती मला सांगते, ‘आजी, आज तुम्ही टाळ लोकांकडे बघून वाजवत होता.’ ऐकलं की कानशिलं तापतात. तापू द्यायची. उत्तर मात्र एकच ठरवून ठेवायचं, ‘बरं’. खुलासा नाही, कारण नाही, ‘तसं नव्हतं गं’ नाही. तिचं चुकलं असेल तरीही त्या दिवशी ‘बरं’. दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलता येतं, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी सहसा बोलावंसं वाटत नाही.

एकनाथांवर कोणी पुन्हा पुन्हा थुंकलं आणि ते प्रत्येक वेळी गोदावरीत अंघोळ करून आले, ही कथा सांगून नवशिक्यांना घाबरवू नये असं माझं मत आहे. ती शेवटच्या इयत्तेची आहे. आपली इयत्ता म्हणजे ताल चुकला असं कोणी म्हटल्यावर गप्प राहणं.

हे सोडायचं नाही

एक गोष्ट ठासून लिहायची आहे. आपल्याकडे ‘अहंकार सोड’ हे सगळ्यात जास्त कोणाला ऐकवलं जातं? घरातल्या सुनेला, मंडळातल्या नव्या पोराला, हिशेब विचारणाऱ्या विश्वस्ताला. ज्याला गप्प करायचं त्याला. हा परमार्थ नाही. पगार कमी दिला तर मागणं, कोणी अंगाला हात लावला तर ओरडणं, देवस्थानच्या पैशाचा हिशेब विचारणं, घरात मार खायला नकार देणं, यातलं काहीही अहंकारात येत नाही. मुक्ताबाईनं मोठ्यांच्या बैठकीत तोंड उघडलं म्हणून तर नामदेवांचं कच्चेपण बाहेर आलं. कोणी महाराज ‘अहंकार अर्पण कर’ म्हणत दागिने, जमिनीचे कागद किंवा एकांत मागत असतील तर चपला पायात घाला आणि घरी या.

आणि खोटा नम्रपणाही सोडा. ‘मी पामर, मला काय कळतंय’ असं म्हणणाऱ्याला कोणी ‘हो, खरंच कळत नाही’ म्हणालं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. येत असेल तर येतं म्हणा, आणि पाच वाटे मनात घाला.

‘कोणाला?’

ज्ञानमार्गाकडे ओढा असणाऱ्यांसाठी तिरुवन्नामलईच्या रमण महर्षींचा उपाय आहे. विचार उठला की विचारायचं, हा कोणाला उठला? ‘मला’ असं उत्तर येतं. मग तो मी कोण, म्हणून आत वळायचं. मी हे दिवसभर करू शकत नाही, माझं मन तेवढं बारीक नाही. पण राग आल्यावर ‘कोणाला लागलं?’ एवढं विचारायची सवय लावून घेतली आहे. पुष्कळदा उत्तर येतं, ‘मंडळातल्या जुन्या बाईला.’ म्हणजे मला लागलेलंच नसतं, माझ्या हुद्द्याला लागलेलं असतं. तेवढं कळलं तरी त्या वेळेपुरतं भागतं.

नमस्कार आणि पहारा

वारकऱ्यांत भेटल्यावर एकमेकांच्या पाया पडतात, वय-जात न बघता, आणि समोरच्याला ‘माउली’ म्हणतात. हे सवयीनं झालं तर त्यातून काही मिळत नाही. वाकताना एका बारीक जागेवर लक्ष ठेवा: समोरचा वयानं, शिक्षणानं किंवा पैशानं लहान असला की कंबर वाकते, पण डोकं शेवटची वीतभर खाली जात नाही. ती वीतभर मुद्दाम खाली न्या. साष्टांग नमस्कारात छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे अशी आठ अंगं सांगितली आहेत. शरीराची अंगं जमिनीला टेकवता येतात; दृष्टी, मन आणि वाणी टेकवायला वेळ लागतो. म्हणून पटकन उठू नका.

शेवटी माझ्या सगळ्यात आवडीचा उपाय. सप्ताहात वीणा अखंड उभी ठेवतात, ती जमिनीवर टेकत नाही. पाळीपाळीनं एकेक जण ती गळ्यात घेऊन नाम घेत उभा राहतो. पहारा बदलताना देणारा घेणाऱ्याच्या आणि घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. संध्याकाळच्या पहाऱ्याला मंडप भरलेला असतो, कीर्तनाची गर्दी असते, फोटो निघतात. त्या वेळेसाठी नावं आधीच लागलेली असतात. रात्री मात्र मंडपात सतरंज्यांवर चार-दोन माणसं घोरत असतात आणि कुत्रं येऊन बसतं. आपला सूर चांगला लागला काय आणि वाईट लागला काय, ऐकायला कोणी नाही. पहिला काही वेळ मन चुळबुळ करतं, कोणी उठून बघतंय का ते शोधतं. मग तेही कंटाळतं.

आमच्या मंडळात बायकाही पहारा धरतात. तुमच्याकडे धरत नसतील तर विचारून बघा, नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. पुढचा सप्ताह लागला की यादी लिहिणाऱ्याकडे जा आणि सांगा, जिथे जागा रिकामी असेल तिथे माझं नाव घाल. बहुतेक ती रात्री २ ते ४ चीच असते.